वाचकांचे प्रश्न : कॉलरबोन मोडलंय, छोट्या चिऱ्यातून बसवता येईल का?

पावसाळा सुरू झाला की दुचाकीवरून पडून खांद्यावर आपटलेल्यांची पत्रं वाढतात, दहीहंडीनंतर त्यात गोविंदांची भर पडते. यंदा बऱ्याच पत्रांत एकच चौकशी आहे : कॉलरबोन, म्हणजे गळ्याखालचं आडवं हाड, मोडून सरकलं असेल तर मोठा चिरा न घेता ते बसवता येतं का? त्यातली पाच पत्रं इथे घेतली आहेत. उत्तरं आमच्या सल्लागार अस्थिशल्यचिकित्सकांनी आणि फिजिओथेरपिस्टनी मिळून दिली आहेत.

प्रश्न : माझे मिस्टर ३८ वर्षांचे आहेत. सहा दिवसांपूर्वी जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोडवर खड्ड्यात स्कूटर घसरून उजव्या खांद्यावर पडले. एक्स-रेमध्ये कॉलरबोन मधोमध मोडून दोन तुकडे एकमेकांवर चढलेले दिसतात. एक डॉक्टर म्हणतात प्लेट टाकू, दहा सेंटिमीटरचा चिरा येईल. दुसरे म्हणतात बारीक रॉड टाकू, चिरा एक-दीड सेंटिमीटर. सासरे म्हणतात नुसता पट्टा बांधा, आमच्या वेळी असंच जुळायचं. आम्हाला साहजिकच छोटा चिरा बरा वाटतो. काय करावं? — एक वाचक, भांडुप

उत्तर : सासऱ्यांचं म्हणणं निराधार नाही. १९६० साली अमेरिकेतले डॉ. चार्ल्स नीर यांनी ऑपरेशन न केलेल्या २,२३५ रुग्णांची माहिती प्रसिद्ध केली. त्यात फक्त तिघांचं हाड जुळलं नव्हतं. पुढे कित्येक वर्षं डॉक्टरांच्या पिढ्या त्याच आकड्यावर विसंबून राहिल्या. पण त्या गर्दीत हाड जागचं न हललेलेही पुष्कळ होते. हाड पूर्ण सरकलेल्या प्रौढांचा वेगळा अभ्यास कॅनडात झाला आणि २००७ साली प्रसिद्ध झाला, तेव्हा चित्र बदललं. वर्षभरानंतर तपासलेल्यांत, हात नुसता गळ्यातल्या कापडी झोळीत ठेवलेल्या ४९ जणांपैकी ७ जणांचं हाड जुळलेलं नव्हतं, प्लेट टाकलेल्या ६२ जणांपैकी २ जणांचं. हा आकडा दोन्ही बाजूंनी वाचा. झोळीत धोका जास्त हे खरं, पण सातातल्या सहा जणांचं हाड ऑपरेशनशिवाय जुळलंच. त्यामुळे 'सरकलंय म्हणजे ऑपरेशनच' असं सरसकट कुणी सांगत असेल तर कारण विचारा.

हाड का सरकतं, ते समजलं की पुढचा निर्णय सोपा जातो. हात आणि धड यांना जोडणारं हे एकमेव हाड. मधल्या भागात ते सर्वांत बारीक असतं आणि तिथे त्याला धरून ठेवणारे बंध नसतात, म्हणून बहुतेक फ्रॅक्चर तिथेच होतात. मोडल्यावर मानेचा स्नायू आतला तुकडा वर खेचतो. बाहेरचा तुकडा हाताच्या वजनाने खाली लोंबतो आणि छातीचे स्नायू त्याला आत ओढतात. तुकडे एकमेकांवर चढतात, खांदा आखूड होतो. आठ आकड्यासारखा बांधलेला पट्टा ही ओढ थांबवू शकत नाही. पट्टा आणि साधी झोळी यांची तुलना झाली तेव्हा हाड जुळण्यात फरक दिसला नाही, पट्ट्याने काखेत काचतं मात्र जास्त. सासऱ्यांचं ऐकायचं ठरलं तर पट्ट्याऐवजी हात झोळीत ठेवा.

ऑपरेशनचा विचार कधी करायचा? हाडाचं टोक कातडीला आतून इतकं टोचतंय की तिथली कातडी पांढरी पडलीय, जखम होऊन हाड बाहेर आलंय, हाताच्या रक्तवाहिनीला किंवा नसांना इजा झालीय, किंवा खांद्याच्या पात्याची मानही सोबत मोडून सरकलीय, तर चर्चेला जागा नाही. बाकीच्यांत पाहायचं ते इतकं : दोन टोकांचा एकमेकांशी संपर्कच उरलेला नाही का, हाड दीड-दोन सेंटिमीटरहून जास्त आखूड झालंय का, मधला एखादा तुकडा आडवा फिरलाय का. वय, काम आणि तंबाखू-सिगरेटही मोजायची, कारण धूम्रपानाने हाड न जुळण्याचा धोका वाढतो.

आता एक काम करा. तुमच्याकडचा एक्स-रे झोपवून काढलाय की उभं करून, ते बघा. झोपल्यावर हाताचं वजन लोंबत नाही, म्हणून हाड आहे त्यापेक्षा कमी सरकलेलं दिसतं. उभं करून, दोन्ही कॉलरबोन एकाच फिल्मवर येतील असा छातीचा एक्स-रे काढून घ्या. दुसरा, मशीन पायाकडून डोक्याकडे वीस-तीस अंश तिरकं धरून. पहिल्यावरून डावं-उजवं मोजून हाड किती आखूड झालं ते कळतं. दुसऱ्यावर मधे लपलेला तिसरा तुकडा दिसतो.

तो तिसरा तुकडाच तुमचा प्रश्न सोडवेल. तुकडे खरोखर दोनच असतील आणि मोड आडवी किंवा किंचित तिरकी असेल, तर दुसऱ्या डॉक्टरांचा रॉड उत्तम काम करतो. आपल्याकडे त्याला टेन्स नेल म्हणतात. हा टायटॅनियमचा लवचीक रॉड, जाडी बहुधा २ ते ३ मिलिमीटर. पण मधे तुकडे-तुकडे असतील किंवा मोड लांब तिरकी असेल, तर रॉडवर हाडाची दोन टोकं आतून एकमेकांकडे सरकतात. रॉड वाकणं रोखतो, लांबी राखत नाही आणि पीळही फारसा अडवत नाही. महिन्याभराने हाड आखूड आणि रॉडचं टोक छातीजवळ कातडीखाली टोचतंय, अशी अवस्था होते. अशा फ्रॅक्चरला प्लेटच हवी, आणि त्यासाठी चिरा मोठा घ्यावा लागला तरी घ्यावा. चिऱ्याच्या लांबीवरून पद्धत निवडू नका, तुकड्यांवरून निवडा. हे आम्ही आग्रहाने सांगतो, कारण एक सेंटिमीटरच्या व्रणाच्या ओढीने चुकीच्या फ्रॅक्चरला रॉड टाकला की पुढे दुसरं ऑपरेशन वाट्याला येतं.

रॉड टाकतात कसा, ते माहीत असलं की डॉक्टरांना नेमके प्रश्न विचारता येतात. पूर्ण भूल देऊन उताणं झोपवतात, दोन खांद्यांच्या पात्यांमध्ये घडी केलेली चादर ठेवतात. तेवढ्यानेच खांदे मागे पडून हाडाची लांबी थोडी परत येते. सी-आर्म नावाचं फिरतं एक्स-रे मशीन कापडं लावण्याआधीच फिरवून बघतात, नाहीतर ऐनवेळी टेबलाची दांडी आड येते. उरोस्थीच्या, म्हणजे छातीच्या मधल्या हाडाच्या, सांध्यापासून एक-दीड सेंटिमीटर बाहेर, हाडाच्या पुढच्या बाजूला छोटा चिरा घेतात. आरीने किंवा अडीच मिलिमीटरच्या ड्रिलने तिरकं भोक पाडतात. इथे घाई चालत नाही, कारण हाडाच्या मागेच मोठ्या रक्तवाहिन्या आहेत आणि खाली फुप्फुसाचं टोक. मग रॉडचं किंचित वाकवलेलं टोक आत घालून, हँडल डावी-उजवीकडे थोडं थोडं फिरवत, नेफ्यातून नाडी ओवावी तसा रॉड पोकळीतून पुढे सरकवतात. हाड एस आकाराचं असल्याने ताठ सळई तिथे जाऊच शकत नाही, लवचीकपणाचा उपयोग इथे होतो.

खरी कसोटी मोडलेल्या जागी लागते. कातडीतून दोन टोकदार क्लिपांनी दोन्ही तुकडे पकडायचे, सी-आर्मवर बघत समोरासमोर आणायचे आणि रॉड पलीकडे न्यायचा. काही प्रयत्नांत जमलं नाही, तर मोडीवर दोन-तीन सेंटिमीटरचा चिरा घेऊन डोळ्यांसमोर जुळवतात. बऱ्याच रुग्णांत हे करावं लागतं आणि त्यात डॉक्टरांचं काही चुकलं असं नाही. उलट बंद पद्धतीचा हट्ट धरून अर्धा तास ठोकत बसणं धोक्याचं, कारण रॉडचं टोक हाडाच्या मागून बाहेर पडू शकतं. म्हणून संमतीपत्रावर सही करताना 'गरज पडल्यास मोडीवर छोटा चिरा' आणि 'गरज पडल्यास प्लेट' हे दोन्ही लिहून घ्या, आणि प्लेटचा सेट थिएटरमध्ये तयार असेल ना, ते विचारा. रॉड पलीकडच्या टोकाच्या भक्कम हाडात रुतला की बाहेरून खांदा दाबून मोडीतली फट मिटवतात. ही पायरी गाळली तर फट राहते आणि हाड भरायला वेळ लागतो. शेवटी रॉड हाडालगत कापून टाके घालतात.

तिसरा मार्ग तुम्हाला कुणी सांगितलेला दिसत नाही. प्लेटही छोट्या चिऱ्यांतून सरकवता येते. मोडीच्या दोन्ही बाजूंना दोन-तीन सेंटिमीटरचे दोन चिरे, मधली कातडी तशीच ठेवून हाडावरून बोगदा करायचा, आधीच हाडाच्या वळणाची असलेली लॉकिंग प्लेट (जिच्यात स्क्रू प्लेटलाच घट्ट बसतात ती) आत सारायची आणि दोन्हीकडे बहुधा तीन-तीन स्क्रू. मोडीभोवतीचा रक्तपुरवठा शाबूत राहतो. तुकडे-तुकडे झालेल्या फ्रॅक्चरला हे विशेष लागू पडतं. पण हाड उघड्यावर दिसत नसल्याने लांबी आणि पीळ चुकण्याची शक्यता जास्त, एक्स-रे जास्त घ्यावे लागतात, आणि हाताला सवय नसलेल्याने करू नये असं हे काम आहे. डॉक्टर ही पद्धत नेहमी करतात का, हे विचारण्यात संकोच नको.

वेळेचं महत्त्व तुमच्या बाबतीत आत्ताच आहे. पहिल्या दहा-बारा दिवसांत तुकडे बाहेरून हलवून जुळवता येतात. दोन-तीन आठवडे उलटले की मोडीत नवं हाड धरू लागतं, मग छोट्या चिऱ्यातून जुळवणं अवघड होत जातं. तेव्हा दोन एक्स-रे उद्या-परवा काढा आणि आठवड्याच्या आत ठरवा. सहा महिन्यांनंतर हात किती चालतो हे पाहिलं तर योग्य रुग्णांत रॉड आणि प्लेट यांत फारसा फरक उरत नाही. प्लेटवाल्यांचा हात सुरुवातीच्या काही आठवड्यांत लवकर मोकळा होतो, रॉडवाल्यांचा व्रण लहान राहतो आणि रॉड काढणंही सोपं असतं.

मधल्या काळात हात गार पडला, बोटं निळसर झाली, मुंग्या वाढत गेल्या किंवा दम लागला, तर ओपीडीची वाट पाहू नका. केईएम, सायन, नायर, जेजे, कूपर, जे जवळ असेल तिथल्या कॅज्युअल्टीत त्याच दिवशी न्या. खर्चाची अडचण असेल तर रुग्णालयातल्या आरोग्यमित्राकडे, म्हणजे योजनेच्या मदतनिसाकडे, महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेची चौकशी दाखल होण्याआधी करा, नंतर कागद जुळवताना धावपळ होते.

प्रश्न : मुलगा ११ वर्षांचा, क्रिकेट खेळताना पडला. हाड थोडं चढलंय, पण डॉक्टर ऑपरेशन नको म्हणतात. आता तीन आठवडे झाले आणि तिथे टणक गाठ आली आहे. दुसरीकडे दाखवू का? — एक वाचक, लालबाग

उत्तर : डॉक्टर बरोबर सांगतायत. या वयात हाड जुळतंच, आणि वाढीबरोबर स्वतःचा आकारही बराच सुधारून घेतं. ती गाठ म्हणजे भरत असलेलं नवं हाड, काही महिन्यांत ती बरीच विरते. तेल लावून चोळू नका. झोळी चार आठवड्यांपर्यंत पुरते, मैदानी खेळ डॉक्टरांनी एक्स-रे पाहून हो म्हटल्यावर.

प्रश्न : आई ६६ वर्षांची. बाथरूममध्ये घसरून पडली, कॉलरबोन खांद्याकडच्या टोकाला मोडलंय आणि आतला भाग वर उचललेला दिसतो. 'हुक प्लेट' टाकून काही महिन्यांनी काढावी लागेल असं सांगितलंय. दुर्बिणीतून करता येतं असंही ऐकलं. तिला बीपी आणि डायबेटिस आहे. — एक वाचक, गिरगाव

उत्तर : या जागेचं फ्रॅक्चर वेगळं. कॉलरबोनच्या बाहेरच्या टोकाजवळ खालच्या चोचीसारख्या हाडाला, कोरॅकॉइडला, बांधणारे दोन मजबूत बंध असतात. मोड त्यांच्या आतल्या बाजूला असेल किंवा ते फाटले असतील तर आतला तुकडा सुटून वर जातो आणि ऑपरेशनशिवाय हाड न जुळण्याचं प्रमाण इथे मधल्या भागापेक्षा जास्त असतं.

पण आईंच्या वयात एक गोष्ट लक्षात घ्या. इथलं हाड जुळलं नाही तरी बऱ्याच ज्येष्ठांना त्याचा त्रास होत नाही. वेणी घालता येते, डबा वरच्या फळीवरून काढता येतो, दुखत नाही. त्रास झालाच तर नंतरही ऑपरेशन करता येतं. म्हणून शुगर काबूत नसेल, आई घरातली कामंच करत असतील आणि कातडीला धोका नसेल, तर आधी हात झोळीत ठेवून बघायला आमची पसंती राहील. दोन आठवड्यांनी एक्स-रे, मग हळूहळू व्यायाम.

ऑपरेशन करायचंच ठरलं तर बाहेरच्या तुकड्याचा आकार बघतात. तीन-चार स्क्रू बसतील एवढा असेल तर साधी लॉकिंग प्लेट चालते. तुकडा चिमुकला असेल तर दोन पर्याय. हुक प्लेटचा आकडा खांद्याच्या छतासारख्या हाडाखाली, अॅक्रोमियनखाली, अडकतो. पकड भक्कम, पण हात वर उचलताना तो आकडा वरच्या हाडाला झिजवतो, म्हणून हाड जुळल्यावर तीन ते सहा महिन्यांत काढावीच लागते. दुसरी भूल आईंना झेपेल का, हे आजच फिजिशियनला विचारून ठेवा. दुर्बिणीच्या पद्धतीत खांद्याला छोटी भोकं पाडून कोरॅकॉइड आणि कॉलरबोन यांतून एक बारीक बोगदा करतात, मजबूत दोरा ओवून दोन्ही टोकांना धातूची बटणं लावतात आणि दोरा ओढून वरचा तुकडा खाली बसवतात. काढायचं काही उरत नाही. धोका असा की हाडं ठिसूळ असतील तर कोरॅकॉइडच बोगद्यापाशी मोडू शकतं किंवा बटण रुतून दोरा सैल पडतो. त्यामुळे या वयात ही पद्धत निवडण्यापूर्वी हाडांचा ठिसूळपणा तपासायला हवा. आणि नुसत्या गुळगुळीत वायर घालून भागवू म्हणाले तर नको म्हणा. त्या सरकत छातीत गेल्याच्या नोंदी वैद्यकीय साहित्यात आहेत.

प्रश्न : वय २४. सात आठवड्यांपूर्वी टेन्स नेल टाकलाय. छातीच्या बाजूला कातडीखाली टोक हाताला लागतं, सीटबेल्ट आणि टी-शर्टची शिवण घासली की लाल होतं. चिऱ्याच्या खाली थोडा बधिरपणाही आहे. रॉड सरकलाय का? — एक वाचक, मुलुंड

उत्तर : टेन्स नेलची सर्वांत नेहमीची तक्रार हीच. टोक पहिल्यापासून थोडं लांब कापलेलं असू शकतं, किंवा हाड आखूड होऊन रॉड मागे आला असेल. फरक एक्स-रेवर कळतो. ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशीचा आणि आजचा एक्स-रे शेजारी ठेवून हाडाबाहेर राहिलेली रॉडची लांबी मोजायला सांगा. तेवढीच असेल तर गादीचा तुकडा लावून हाड जुळेपर्यंत दिवस काढा. वाढली असेल आणि मोडीत हाड धरलेलं नसेल तर लगेच सर्जनकडे. टोक आखूड कापणं हे लहानसं काम, पण मोड सरकत असेल तर पद्धत बदलावी लागते. कातडीतून पाणी यायला लागलं किंवा टोक दिसू लागलं, तर त्याच दिवशी जा. घरी दाबून आत सारायचा प्रयत्न नको.

हात तुम्ही खांद्याच्या वर उचलताय का? ९० अंशांच्या वर हात नेला की कॉलरबोन स्वतःभोवती फिरतं. तो पीळ रॉडला रोखता येत नाही, म्हणून पहिले चार ते सहा आठवडे हात खांद्याच्या रेषेखाली ठेवायला सांगतात. रॉड काढणं हाड पक्कं जुळल्यावरच, साधारण सहा ते बारा महिन्यांत. बधिरपणाची काळजी करू नका. कॉलरबोनवरून छातीकडे कातडीच्या बारीक नसा उतरतात, त्या चिऱ्यात ताणल्या किंवा कापल्या जातात. बधिर पट्टा काही महिन्यांत आकसत जातो, थोडा कायमही राहू शकतो. हाताच्या ताकदीशी त्याचा संबंध नाही.

प्रश्न : छोट्या चिऱ्यांतून प्लेट टाकून पाच आठवडे झाले. दुखणं जवळपास गेलंय. विरार ते चर्चगेट प्रवास आहे. लोकलमध्ये हँडल कधी धरू? ऑफिसची बॅग? — एक वाचक, विरार

उत्तर : दुखणं थांबणं आणि हाड जुळणं यांत काही आठवड्यांचं अंतर असतं, ज्या प्लेट वाकतात किंवा तुटतात, त्यातल्या बहुतेक त्याच काळात. टेबलावरची कामं, टायपिंग, जेवण, आंघोळ हे तुम्ही आत्ताही करू शकता. हात डोक्यावर नेण्याचा व्यायाम सहाव्या आठवड्याच्या एक्स-रेनंतर फिजिओ वाढवतील. हँडल धरून उभं राहणं म्हणजे ब्रेक लागला की अंगाचं सगळं वजन त्या खांद्यावर, म्हणून ते एक्स-रेवर हाड जुळलेलं दिसेपर्यंत नको, बहुधा आठ ते बारा आठवडे. तोवर चांगल्या हाताने दांडा धरा आणि दुखऱ्या बाजूला भिंत किंवा पार्टिशन येईल असे उभे राहा. गर्दीत खरा धोका चढता-उतरताना कोपर लागण्याचा असतो. ऑफिसने परवानगी दिली तर महिनाभर सकाळी लवकरची किंवा अकरानंतरची गाडी पकडा. धावत्या गाडीचा दांडा तर मुळीच नको.

बॅग पाठीवर घेऊ नका, तिचा पट्टा नेमका प्लेटवर बसतो. दुसऱ्या खांद्यावर आडवी लटकवलीत तरी पट्ट्याची जागा बघा, प्लेटवरून जाता कामा नये. लॅपटॉप ऑफिसात ठेवता आला तर उत्तम. हाड जुळल्यावरही पट्टा वर्षभर खुपत राहिला तर प्लेट काढता येते, सहसा एक-दीड वर्षाने. काढल्यावर स्क्रूंची भोकं भरेपर्यंत हाड कमकुवत असतं, त्यामुळे पुढचे दोन-तीन महिने जड उचलणं आणि धक्काबुक्कीचे खेळ बंद. डिस्चार्जच्या फाइलमध्ये प्लेट आणि स्क्रूचे स्टिकर असतात त्यांचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा. काढताना कोणत्या कंपनीचा स्क्रू-ड्रायव्हर लागेल ते त्यावरूनच कळतं.